झाडपाल्याचे औषध आणि त्याची परीक्षा

आपल्या गोडादरा भागात धुळे, जळगाव आणि नंदुरबार या जिल्ह्यांतून पोटापाण्यासाठी सुरतेस आलेली पुष्कळ कुटुंबे राहतात. गावाकडची बोली, सणवार आणि लोणची-पापड यांच्याबरोबर गावाकडची औषधेही आपण येथे आणली आहेत. खोकल्याला अडुळसा, जुलाबाला कुड्याची साल, रेंगाळणाऱ्या तापाला गुळवेल. शेजारच्या गुजराती भगिनी अडुळशाला अरडूसी आणि गुळवेलीला गळो म्हणतात. नाव निराळे, काढा तोच.

या औषधांसंबंधी आपल्या घराघरांतून दोन पक्ष आढळतात. वडील मंडळी म्हणतात, झाडपाला निसर्गाने दिलेला आहे, त्याने गुण आला तर आला, अपाय कसा होईल? शिकलेली मुले म्हणतात, ही सारी आजीबाईची समजूत आहे, तिच्यात अर्थ नाही. दोन्ही पक्ष परीक्षेवाचून निकाल लावतात, आणि शिक्षकाला ही पद्धत रुचणे कठीण. म्हणून वनस्पतींची परीक्षा विद्वानांनी प्रत्यक्षात कशी घेतली, याची एक सविस्तर हकीकत प्रस्तुत लेखात द्यावयाची आहे. ही हकीकत सर्पगंधेची असून तिचा एक महत्त्वाचा अध्याय मुंबईत घडला आहे.

सर्पगंधा हे हात-दीड हात उंचीचे झुडूप आहे. औषध त्याच्या मुळीत असते. सर्पदंश, निद्रानाश आणि वेड यांवर ही मुळी आपल्या देशात फार पूर्वीपासून दिली जात असे. बिहारकडे तर तिचे नावच 'पागल की दवा' असे पडले होते. पाश्चात्त्य वनस्पतिशास्त्रात तिला रावोल्फिया म्हणतात. हे नाव सोळाव्या शतकातील लिओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ दिलेले आहे. गंमत अशी की या गृहस्थांनी हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नाही.

मुळीला पागलची दवा म्हणणे हा झाला लोकांचा अनुभव. तो मोलाचा खराच, पण त्यावरून तीन प्रश्नांची उत्तरे मिळत नाहीत. मुळीतील कोणता पदार्थ काम करतो? तो किती द्यावा? आणि कोणास देऊ नये? हे तीन प्रश्न वाचकांनी लक्षात ठेवावेत, पुढे गुळवेलीपाशी ते पुन्हा लागणार आहेत.

पहिला प्रश्न दिल्लीत हाती घेतला गेला. हकीम अजमल खान हे युनानी वैद्यकाचे नामांकित चिकित्सक. त्यांच्या आयुर्वेदिक व युनानी तिब्बी कॉलेजाचे उद्घाटन १९२१ साली महात्मा गांधींच्या हस्ते झाले. जुन्या औषधांना आधुनिक रसायनशास्त्राची कसोटी लावलीच पाहिजे, अशी हकीमसाहेबांची इच्छा होती. त्या कामासाठी जर्मनीतील फ्रांकफुर्ट येथे रसायनशास्त्राचे उच्च शिक्षण घेतलेले डॉ. सलीमुज्जमान सिद्दिकी कॉलेजात आले. हकीमसाहेब १९२७ च्या अखेरीस वारले. काम मात्र थांबले नाही.

मुळीतून द्रव्य वेगळे काढतात कसे, हे आपल्या दहावीच्या विद्यार्थ्यालाही समजण्यासारखे आहे. मुळीचे चूर्ण मद्यार्कात भिजत ठेवतात. मुळीतील बरीचशी द्रव्ये त्यात उतरतात. मद्यार्क उडवून दिला की तळाशी चिकट काळपट गोळा राहतो, हाच अर्क. या अर्कात शेकडो पदार्थांची खिचडी असते. आता वनस्पतींतील बहुतेक तीव्र गुणाची द्रव्ये अल्कलॉइड, म्हणजे मराठीत क्षाराभ, या वर्गातील असतात. आम्लयुक्त पाण्यात ती विरघळतात आणि पाण्यात क्षार टाकला की पुष्कळदा साका होऊन बाहेर पडतात. हीच क्रिया पुन्हा पुन्हा करीत गेल्यास शेवटी शुद्ध स्फटिक हाती येतात. वाक्यात सोपे वाटणारे हे काम करताना महिनेच्या महिने जातात.

१९३१ साली सलीमुज्जमान व रफत हुसैन या दोघा सिद्दिकींनी सर्पगंधेच्या मुळीतून पाच स्फटिकरूप क्षाराभ वेगळे केल्याचे प्रसिद्ध केले. त्यांतील एकाला त्यांनी हकीम अजमल खानांच्या नावावरून 'अजमलीन' हे नाव दिले. इतरांपैकी एक सर्पेंटीन. अजमलीन केवळ कागदावर राहिले नाही. हृदयाच्या ठोक्यांची एक छुपी अनुवंशिक विकृती ओळखण्यासाठी ते शिरेतून देऊन हृदयालेख काढण्याची चाचणी आजही काही देशांत करतात. दिल्लीच्या हकिमाचे नाव अशा रीतीने परदेशी हृदयरुग्णालयांतून उच्चारले जाते.

त्याच १९३१ साली कलकत्त्यात गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड व रक्तदाब या दोन्हींवर मुळीचा उपयोग होतो, असे रुग्णांवरून लिहिले. पाठोपाठ कर्नल रामनाथ चोप्रा व त्यांचे सहकारी यांनी तेथील स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये प्राण्यांवर प्रयोग केले. येथे एक कोडे उभे राहिले. दिल्लीत मिळालेले देखणे स्फटिक दिले तर प्राणी तसा शांत होईना. शांतीचा गुण दिसे तो स्फटिक काढून घेतल्यावर मागे उरलेल्या राळेसारख्या चिकट भागात! प्रयोगशाळेत अशा लेंद्याकडे कोण बघतो? ते कोडे पुढे जवळजवळ वीस वर्षे तसेच राहिले.

मध्यंतरी मुळीच्या गोळ्या बाजारात आल्या आणि देशातील अनेक डॉक्टर रक्तदाबावर त्या देऊ लागले. पण देणे वेगळे आणि तपासणे वेगळे. ते काम मुंबईच्या किंग एडवर्ड मेमोरियल, म्हणजे आपण ज्याला के. ई. एम. म्हणतो त्या परळच्या रुग्णालयातील डॉ. रुस्तम जाल वकील यांनी केले. रक्तदाबाचे ५० रुग्ण घेऊन, मुळीच्या गोळ्या देऊन, त्यांनी दाबाची मोजमापे नोंदविली आणि १९४९ साली 'ब्रिटिश हार्ट जर्नल' या नियतकालिकात ती प्रसिद्ध केली. बहुसंख्य रुग्णांचा दाब उतरला होता आणि सोसवणार नाही असा त्रास क्वचितच झाला होता.

पन्नास रुग्ण म्हणजे फार मोठी संख्या नव्हे. मग या लेखाचे एवढे महत्त्व का? कारण 'आमच्याकडे गुण येतो' या वाक्याऐवजी त्यात आकडे होते, आणि आकडे कोणत्याही देशाच्या डॉक्टरला वाचता येतात. अमेरिकेत बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी ते वाचून मुळी मागविली व आपल्या रुग्णांवर अजमावली. १९५७ साली अमेरिकेचे लास्कर पारितोषिक ज्यांना विभागून मिळाले त्यांत डॉ. वकील होते. १९५८ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. ते १९७४ साली निवर्तले.

राळेचे कोडे सुटले ते स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे. सीबा कंपनीच्या म्युलर, श्लिटलर व बाइन या तिघांनी नेमका तो चिकट भाग हाती घेतला आणि १९५२ साली त्यातून 'रेसर्पिन' हे शुद्ध द्रव्य मिळाल्याचे जाहीर केले. दाब उतरविणारे व मन शांत करणारे मुख्य द्रव्य ते हेच. रसायन आपल्याकडे निघाले, रोगी आपल्याकडे तपासले गेले आणि नफ्याची गोळी परदेशात तयार झाली, अशी खंत पुष्कळजण व्यक्त करतात. खंत वाजवी आहे. तथापि राळेतून द्रव्य काढण्याची चिकाटीही तेथेच दाखविली गेली, हेही सांगितले पाहिजे.

१९५३ साली आपल्या गुजरातेतच, बडोदे येथील वैद्यकीय परिषदेत, डॉ. आर. ए. हकीम यांनी मानसिक रोगांवरील देशी औषधांसंबंधी निबंध वाचला. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यातील मनोरुग्णालयात डॉ. नेथन क्लाइन यांनी रेसर्पिनचे प्रयोग प्रसिद्ध केले. तोपर्यंत वेड्यांच्या इस्पितळात विजेचे झटके, कोंडून ठेवणे आणि मेंदूची शस्त्रक्रिया यांखेरीज फारसे काही नव्हते. गोळी देऊन मनोरुग्णाची स्थिती सुधारू शकते ही कल्पना रूढ करण्यात, त्याच सुमारास निघालेल्या क्लोरप्रोमाझीनबरोबर, बिहारच्या या मुळीचा वाटा आहे.

रेसर्पिन करते तरी काय? आपल्या मज्जातंतूंच्या टोकांशी सूक्ष्म पिशव्या असतात. निरोप पुढे पोचविणारी रसायने त्यांत साठविलेली असतात. रेसर्पिन या पिशव्या भरण्याचे दारच बंद करते. साठा संपतो, निरोप मंदावतात, रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो. पण हाच साठा मेंदूतही असतो. तेथे तो आटला की माणूस शांत होतो, आणि मात्रा वाढल्यास शांततेची सीमा ओलांडून उदासीनतेत जातो. काही रुग्णांना इतकी खिन्नता आली की जिवाचे बरेवाईट करून घेण्यापर्यंत मजल गेली. याखेरीज नाक चोंदणे, जठरातील व्रण बळावणे हेही दिसले. गुण आणि अपाय या दोन वेगळ्या शक्ती नाहीत. एकाच कृतीची ती दोन टोके आहेत, आणि त्यांच्यामध्ये उभी असते ती मात्रा.

मात्रेचे गणित करून पाहू. रेसर्पिनची रोजची नेहमीची मात्रा ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम. मुळीत रेसर्पिन ढोबळमानाने हजारात एक भाग धरले, तर एक ग्रॅम चूर्णात १ मिलिग्रॅम आले, म्हणजे चौपट ते दसपट. मुळी कोठली, किती वर्षांची, तिची साल शाबूत की झडलेली, यावर हे प्रमाण बदलते, कारण बहुतेक क्षाराभ सालीतच असतात. आता सांगा, चमच्याच्या अंदाजाने सर्पगंधेचे चूर्ण घेणाऱ्याला आपण किती औषध घेतले याचा पत्ता कसा लागावा? आणि डॉक्टरांची दाबाची गोळी चालू असताना वरून गुपचूप हे चूर्ण घेणाऱ्याचे काय? आपल्या वस्तीत असे गृहस्थ नाहीत असे कोणी म्हणू नये. पुढे अधिक सोयीची औषधे निघाल्यामुळे रक्तदाबावर रेसर्पिनचा वापर फार कमी झाला आहे. आणि औषध मुळीत असल्याने झुडूप उपटावे लागते. रानोमाळ ते इतके खणले गेले की १९९० पासून त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापार नियंत्रणाखाली आहे.

रेसर्पिनने आणखी एक उपकार केला, तो शास्त्राला. १९५७ साली स्वीडनमध्ये आर्विद कार्लसन यांनी सशांना रेसर्पिन दिले. ससे कान पाडून निश्चल पडले. मग त्यांना डोपा हे द्रव्य टोचताच थोड्या वेळात ते पुन्हा हिंडूफिरू लागले. यावरून मेंदूतील डोपामीनचे महत्त्व कळले, कंपवाताचे कारण उमगले आणि २००० साली कार्लसन यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. हा डोपा आपल्या ओळखीच्या एका वेलीत भरपूर असतो. शेंगेवरच्या लवेने अंगाची आग करणारी खाजकुइली ती हीच. तिच्या बियांत डोपा असल्याचे मद्रासच्या दामोदरन व रामस्वामी यांनी १९३७ सालीच दाखविले होते. आयुर्वेदात कंपवातावर या बिया सांगितलेल्या आहेत. एका वनस्पतीने ससे निजविले आणि दुसरीतील द्रव्याने उठविले, हा योग विलक्षण खरा! मुंबईचे डॉ. अशोक वैद्य व त्यांचे सहकारी यांनी खाजकुइलीवर पुष्कळ काम केले. १९९५ साली ६० कंपवाती रुग्णांवर तिच्या चूर्णाचा अभ्यास प्रसिद्ध झाला आणि २००४ साली लंडनमध्ये ८ रुग्णांवर तिची नेहमीच्या औषधाशी तुलना झाली. डॉ. वैद्यांच्या मताप्रमाणे, शेकडो वर्षे माणसांनी घेतलेल्या औषधाची परीक्षा रुग्णापासून सुरू करून मग प्रयोगशाळेत न्यावी, म्हणजे नेहमीच्या उलट क्रमाने. हे मत मला पटते, मात्र रुग्णाची नोंद वकिलांसारखी काटेकोर ठेवली तरच.

अडुळशाबद्दल थोडक्यात एवढेच की त्याच्या पानांतील व्हॅसिसिन या क्षाराभाच्या नमुन्यावरून ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारे औषध तयार झाले. खोकल्याच्या अनेक बाटल्यांवर ते नाव आपणास वाचावयास मिळेल.

आता गुळवेलीकडे वळू, कारण सर्पगंधा फार थोड्यांच्या घरी असेल, गुळवेल मात्र सोसायटीच्या कुंपणावर आहे.

गुळवेलीची परीक्षाही परळच्या त्याच के. ई. एम. रुग्णालयात झाली. तेथे डॉ. शरदिनी डहाणूकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी आयुर्वेद संशोधन केंद्र चालविले. डॉ. डहाणूकर मराठीतून लिहिणाऱ्या लेखिका म्हणूनही वाचकांना परिचित आहेत. त्या २००२ साली निवर्तल्या. पित्तनलिका अडल्याने कावीळ झालेल्या रुग्णांवर शस्त्रक्रिया करणे जोखमीचे असते, कारण त्यांची प्रतिकारशक्ती खालावलेली असते आणि रक्तात जंतुदोष पसरतो. अशा ३० रुग्णांचे दोन गट पाडले गेले. एका गटास नेहमीचे उपचार, दुसऱ्यास त्याबरोबर गुळवेल, वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम. १९९३ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पित्ताचा निचरा केल्यानंतर पहिल्या गटातील निम्म्या रुग्णांत जंतुदोषाची लक्षणे दिसली, गुळवेलीच्या गटात एकातही नाही. शस्त्रक्रियेनंतर जगण्याचे प्रमाण पहिल्या गटात शेकडा ४०, तर दुसऱ्यात ९२ च्या वर होते.

हा निष्कर्ष अभिमान वाटावा असा आहे. पण तो नीट वाचावा. रुग्ण थोडे, विकार एक, मात्रा ठरलेली, काळ मर्यादित, आणि देखरेखीला डॉक्टर. यावरून 'गुळवेल प्रतिकारशक्ती वाढविते, सर्वांनी रोज प्यावी' असे वाक्य निघत नाही. तरी ते निघाले. २०२० साली कोविडची साथ आली आणि घरोघर गुळवेल उकळू लागली. कोणी बोटभर कांडे घेई, कोणी वीतभर, कोणी तयार गोळ्या. कोणी आठवडाभर घेतली, कोणी सहा महिने.

त्याच वर्षी सप्टेंबर ते डिसेंबर या काळात मुंबईतील यकृततज्ज्ञांना गुळवेल घेणारे ६ रुग्ण यकृताला सूज आलेल्या अवस्थेत आढळले. त्यांतील एक दगावला. हा वृत्तांत २०२१ साली प्रसिद्ध झाला तेव्हा आयुष मंत्रालयाने हरकत घेतली की रुग्णांनी घेतलेली वनस्पती खरोखर गुळवेलच होती काय, हे तपासले नव्हते. हरकत रास्त होती. वेल ओळखण्यात चूक होऊ शकते, आणि तिच्यासारखी दिसणारी दुसरी जात आहे. पण २०२२ साली देशातील १३ केंद्रांतून अशाच ४३ रुग्णांची माहिती एकत्र प्रसिद्ध झाली. गुळवेल सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मधला काळ सुमारे ४६ दिवसांचा होता. पुष्कळांच्या यकृतात, शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अवयवावर उलटते तशा तऱ्हेची सूज दिसली. काहींना यकृताचा जुना विकार आधीपासून होता. प्रतिकारशक्तीला चेतविणारे औषध ज्याची ती शक्ती मुळातच बिथरलेली आहे त्याला दिले तर काय होईल, हा विचार काढा उकळताना कोण करणार?

लक्षावधी लोकांनी गुळवेल घेतली आणि त्यांतील थोड्यांनाच हा त्रास झाला, हे खरे आहे. म्हणून वेल विषारी ठरत नाही. पण तो थोड्यांतला एक आपल्या घरातला असू शकतो, आणि त्याला आधी ओळखण्याचे काही मार्ग आहेत. ज्यांना पूर्वी कावीळ किंवा यकृताचा विकार झाला आहे, ज्यांना संधिवातासारखा किंवा थायरॉइडचा, प्रतिकारशक्ती उलटल्यामुळे होणारा विकार आहे, त्यांनी डॉक्टरांस किंवा वैद्यांस विचारल्यावाचून गुळवेल घेऊ नये. मधुमेहाची औषधे चालू असणारांनीही विचारावे, कारण साखर प्रमाणाबाहेर उतरण्याचा संभव असतो. गरोदर स्त्रियांस व लहान मुलांस तर शेजारणीच्या सांगण्यावरून मुळीच देऊ नये.

आणखी एक गोष्ट आपल्या भगिनींसाठी. काढा, चूर्ण, सत्त्व आणि बाजारातील घन अर्क हे चार पदार्थ एक नव्हेत. गुळवेलीचे पांढरे सत्त्व आपण कांडी ठेचून, पाण्यात कुसकरून, तळाशी बसलेला साका वाळवून करतो. तो मुख्यत्वे पिष्टमय पदार्थ असतो. घन अर्काच्या गोळीत मात्र कितीतरी कांड्यांचा अंश आटवून भरलेला असतो. 'आमच्या आईने जन्मभर सत्त्व खाल्ले, तिला काही झाले नाही' हे उदाहरण म्हणून त्या गोळीला लागू पडत नाही.

वेल तोडण्यापूर्वी ती पाहावी. खऱ्या गुळवेलीचे कांड हिरवे असते, त्यावर गाठीसारखे फोड नसतात आणि तोडल्यावर दुधासारखा चीक येत नाही. फळ गोल व लाल असते. दुसऱ्या जातीचे कांड करडे, फोडांनी भरलेले, चीक येणारे, आणि फळ लांबट व नारिंगी असते. आयुष मंत्रालयाने २०२२ साली काढलेल्या सूचनेत हीच लक्षणे दिली होती. घेत असता भूक जाणे, मळमळणे, अंगाला खाज सुटणे, लघवी गडद पिवळी होणे किंवा डोळे पिवळे दिसणे यांपैकी काही झाले तर काढा त्याच दिवशी बंद करून रक्तातील यकृताची तपासणी करून घ्यावी. दवाखान्यात जाताना उरलेल्या गोळ्यांची डबी किंवा वेलीचे कांडे बरोबर न्यावे, आणि किती दिवस, किती प्रमाणात घेतले ते कागदावर लिहून न्यावे.